साहेब, कागद दाखवता का?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात गच्चीवर झालेल्या भाषणाचा मजकूर. त्या दिवशी ज्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी.)



कमिटीने मला ‘सायबर सुरक्षा’ हा विषय दिला. त्यावर तुम्ही बरंच ऐकलेलं आहे. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे आता वॉचमनच्या मुलालाही पाठ आहे. चोराला फोन देऊ नये हे सगळ्यांना कळतं. पण समोर उभा असलेला माणूस चोर नाही, खरोखरचा पोलीस आहे, आणि तो म्हणतो, ‘फोन द्या’, तर काय करायचं? हे सहसा कुणी सांगत नाही. मी गेली तीस वर्षं ठाण्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. म्हणून आज हाच विषय घेते.

आधीच सांगते, हे भाषण पोलिसांच्या विरुद्ध नाही. आपल्या सोसायटीतही पोलीस खात्यातली कुटुंबं आहेत आणि रात्री दोन वाजता लिफ्टमध्ये भेटणारे त्यांचे दमलेले चेहरे आपण पाहतो. तपास व्हायलाच हवा. पण तो नियमाने व्हावा, आणि नियम काय आहे हे दाराच्या आत उभ्या असलेल्या माणसालाही ठाऊक असावं, एवढंच माझं म्हणणं.

आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेकांच्या घरी लँडलाइन होता. ज्यांच्याकडे मोबाइल होता ते इनकमिंगलाही पैसे पडतात म्हणून तो कट करून खालच्या पीसीओवरून फोन करायचे. तेव्हा घराची झडती म्हणजे कपाट, माळा, फार तर बँकेचा लॉकर. आज तुमच्या खिशात जे आहे ते या सगळ्याहून मोठं आहे. बँक, पेन्शन, रक्ताचे रिपोर्ट, मुलीच्या स्थळाची बोलणी, भावाशी जमिनीवरून झालेलं भांडण, सात वर्षांचे फोटो, तुम्ही कुठे कुठे गेलात त्याचा नकाशा. त्यातलं निम्मं तुमचं नाहीच. भिशीतल्या बायकांचं आहे, डॉक्टरांचं आहे, तुमच्यावर विश्वास ठेवून मन मोकळं करणाऱ्या मैत्रिणीचं आहे. फोन एकाचा जातो, पण गुपितं पन्नास जणांची जातात.

तुम्ही म्हणाल, आपण काय गुन्हेगार आहोत का? आमचा फोन कोण कशाला नेईल?

माझे एक अशील आहेत. वय सदुसष्ट, निवृत्त, आपल्यासारख्याच एका सोसायटीत राहतात. त्यांनी जुनी स्कूटर ऑनलाइन जाहिरात देऊन विकली. घेणाऱ्याने पैसे पाठवले, ते दुसऱ्या कुणाला तरी फसवून मिळवलेले निघाले. पोलीस आले, साक्षीदार म्हणून यांचा जबाब घेतला, आणि व्यवहाराचे मेसेज त्यात आहेत म्हणून फोन घेऊन गेले. पावती नाही, पंचनाम्याची प्रत नाही. यांनी मागितलीही नाही, कारण पोलिसांकडे पावती मागायची असते हेच त्यांना माहीत नव्हतं. फोन नऊ महिन्यांनी परत मिळाला. बॅटरी फुगून स्क्रीन उचलली होती. त्यातलं काही निघालं, काही गेलं. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या पत्नीने हॉस्पिटलमधून पाठवलेले आवाजातले निरोप त्यात होते. ते गेले. खटल्यात त्यांच्यावर एका ओळीचाही आरोप नव्हता.

म्हणून हा विषय. आरोपीचाच फोन जातो असं नाही. साक्षीदाराचा जातो, ग्रुपच्या अ‍ॅडमिनचा जातो, ज्याच्या खात्यात चुकीचे पैसे आले त्याचा जातो, घरात झडती झाली तर नातवाचा टॅबही जातो.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. १ जुलै २०२४ पासून जुन्या सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. फोन तुमच्याकडून जाण्याचे तिच्यात मुख्यतः तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता कलम ९४चा. कोर्ट किंवा पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारी लेखी आदेश काढून एखादी वस्तू हजर करायला सांगू शकतो. नव्या कायद्यात इलेक्ट्रॉनिक संदेश आणि संपर्काची साधनं हे शब्द स्पष्टपणे घातलेले आहेत. म्हणजे फोन आलाच. पण आदेश लेखी हवा. तो कागदावर असेल किंवा इलेक्ट्रॉनिक असेल, तोंडी नाही.

दुसरा रस्ता झडतीचा. एक तर कोर्टाचं वॉरंट घेऊन, नाही तर तातडी असेल तर वॉरंटशिवाय, कलम १८५ खाली. मात्र वॉरंटशिवाय येणाऱ्या अधिकाऱ्याला आपली कारणं आधी लिहून ठेवावी लागतात. ‘सहज आलो होतो’ हे कारण चालत नाही.

तिसरा रस्ता कलम १०६. एखादी वस्तू चोरीची आहे किंवा गुन्ह्याचा संशय यावा अशा स्थितीत सापडली, तर पोलीस ती जप्त करू शकतात.

या झडत्यांना काही अटी आहेत आणि त्या पाठ करण्यासारख्या आहेत. कलम १०३ प्रमाणे घराच्या झडतीला त्या परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच लागतात. झडती चालू असताना घरच्या माणसाला तिथे हजर राहता येतं. जप्त वस्तूंची यादी होते, पंच तिच्यावर सही करतात आणि प्रत घरच्यांना द्यावी लागते. आणि कलम १०५ ही नवी गोष्ट आहे. झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण झालंच पाहिजे आणि ते विनाविलंब मॅजिस्ट्रेटकडे गेलं पाहिजे. म्हणजे, ‘साहेब, रेकॉर्डिंग चालू आहे ना?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. कायद्यातलाच आहे.

रस्त्यावर अडवून फोन उघडायला लावणं हा वेगळा प्रकार. ऑक्टोबर २०२१ मध्ये हैदराबादेत पोलीस येणाऱ्याजाणाऱ्यांना थांबवून गांजाच्या संशयावरून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये शब्द शोधत असल्याचे व्हिडिओ देशभर फिरले. नाकाबंदीत लायसन्स आणि गाडीचे कागद दाखवावेच लागतात. पण काही कारण नसताना कुणाचेही चॅट वाचण्याची मुभा देणारं कलम मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. अशा वेळी शांतपणे म्हणायचं, ‘साहेब, लायसन्स हे घ्या. फोन तपासायचा असेल तर कोणत्या गुन्ह्यात, ते लिहून द्या.’ नव्वद टक्के वेळा प्रकरण तिथेच मिटतं. आवाज मात्र चढवायचा नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक निकाल आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यावर बंधनं येऊ शकतात, पण त्याला कायद्याचा आधार हवा, योग्य हेतू हवा, आणि जेवढ्यास तेवढंच हवं. स्कूटरच्या व्यवहाराचे चार मेसेज हवे असतील तर चार मेसेज घ्या. सात वर्षांचं आयुष्य कशाला?

आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. पासवर्ड द्यावा लागतो का?

याचं सरळ हो-नाही उत्तर आज नाही. राज्यघटनेचं कलम २०(३) सांगतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. १९६१ साली काठी कालू ओघड या खटल्यात, जो आपल्याच तेव्हाच्या मुंबई राज्याचा होता, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की बोटांचे ठसे देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. २०१० साली सेल्वी खटल्यात मात्र सांगितलं की नार्को चाचणीसारख्या मार्गांनी माणसाच्या मनातलं जबरदस्तीने काढता येणार नाही. आता पासवर्ड कशात बसतो? ठशात की मनात? कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं की पासवर्ड देणं ही स्वतःविरुद्ध साक्ष नाही, मात्र पोलिसांनी रीतसर मार्गानेच जावं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं की खटला चालू असताना आरोपीवर पासवर्डसाठी जबरदस्ती करता येत नाही. उपकरणांच्या जप्तीसाठी नियम हवेत म्हणून पाच प्राध्यापक-संशोधकांनी आणि पत्रकारांच्या एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केले. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितलं आणि डिसेंबरमध्ये सरकारने कळवलं की तोवर सीबीआयची नियमपुस्तिका पाळली जाईल.

काही कायदे याहून कडक आहेत, तेही सांगते, म्हणजे कुणी माझ्या भाषणावर विसंबून अडचणीत यायला नको. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली गृहसचिव पातळीवरून आदेश निघाला आणि मदत नाकारली, तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आयकराच्या छाप्यात संगणकातली माहिती पाहू देणं बंधनकारक आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात ईमेल, सोशल मीडिया, ऑनलाइन बँक आणि शेअरची खाती हे सगळं ‘आभासी डिजिटल अवकाश’ म्हणून झडतीच्या कक्षेत घेतलं आहे.

मग दारात उभं राहून काय करायचं? वाद घालायचा नाही, खोटंही बोलायचं नाही. ‘पासवर्ड विसरलो’ म्हणू नका, ते अंगाशी येतं. एवढंच म्हणा, ‘फोन देतो. पासवर्डबद्दल वकिलांशी बोलून लेखी उत्तर देतो.’ दबावाखाली द्यावाच लागला, तर ‘अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून पासवर्ड दिला’ हे वाक्य पंचनाम्यात लिहायला सांगा. ते एक वाक्य पुढे कोर्टात फार कामाला येतं.

काय करायचं नाही तेही सांगते. पोलीस आल्यावर किंवा नोटीस मिळाल्यावर फोनमधली एकही गोष्ट पुसायची नाही. फोन संडासात टाकायचा नाही, गच्चीवरच्या टाकीत तर अजिबात नाही, ते पाणी आपण सगळे पितो. लांबून रिमोटने फोन कोरा करायचा नाही. पुरावा म्हणून लागणारी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जो माणूस साक्षीदार होता तो या एका कृतीने आरोपी होतो. मी हे होताना पाहिलंय.

फोनचं रक्षण करायचं ते साध्या, शांत दिवशी. आज घरी गेल्यावर करण्यासारखं म्हणून सांगते.

लॉक चार आकडी असेल तर निदान सहा आकडी करा. जन्मतारीख आणि फ्लॅट नंबर नको. बोटाने किंवा चेहऱ्याने उघडणारा फोन सोयीचा असतो, पण बोट धरून टेकवता येतं आणि फोन चेहऱ्यासमोर धरता येतो. ठशांबद्दलचा १९६१चा निकाल मघाशी सांगितलाच. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर बटण दाबून धरलं की ‘लॉकडाउन’ येतं. आयफोनमध्ये बाजूचं आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरलं की चेहरा चालेनासा होतो, आकडेच लागतात. हे मुलांकडून एकदा शिकून घ्या. आणि बंद करून पुन्हा चालू केलेला फोन, पहिल्यांदा आकडे टाकेपर्यंत, सर्वांत घट्ट बंद असतो. तपासयंत्रणांकडे फोन उघडणारी यंत्रं असतात, इस्रायलच्या सेलेब्राइट कंपनीची जगभर वापरली जातात. जुना, अपडेट न केलेला फोन त्यांच्यापुढे लवकर उघडतो. म्हणून अपडेट आला की ‘उद्या’ दाबू नका.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाहीत, हे खरं. पण त्याचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर पडतो, आणि तो आपण वेगळी कुलूपबंदी केल्याशिवाय तसा बंद नसतो. सेटिंगमध्ये ‘चॅट बॅकअप’ मध्ये ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ असा पर्याय आहे. तो चालू करा आणि पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून बघा. ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरवर तुमचं व्हॉट्सअ‍ॅप अजून उघडं असू शकतं.

फोनमध्ये जे नाही ते कुणी घेऊ शकत नाही. दिवाळीला आपण माळा आवरतो, तसा फोनही आवरा. इतरांच्या आधारकार्डांचे फोटो, जुन्या भाडेकरूंचे कागद, मुलाच्या मित्राचा पासपोर्ट, हे पाच वर्षं का ठेवायचं? नेहमीची साफसफाई गुन्हा नाही. चौकशीचं कळल्यावर केलेली साफसफाई हा गुन्हा आहे. फरक तारखेचा आहे.

आणि जे प्राणापलीकडे जपायचं आहे, त्याची प्रत आजच करा. एक प्रत हार्ड डिस्कवर, एक बहिणीच्या घरी. फोटो, आवाज, रिपोर्ट. माझ्या अशिलांच्या पत्नीचे निरोप एका साध्या मेमरी कार्डवर राहिले असते.

शेवटची तयारी कागदाची. फोनमध्ये *#०६# डायल केलं की पंधरा आकडी आयएमईआय नंबर येतो. तो लिहून ठेवा. दोन-चार महत्त्वाचे फोन नंबर वहीत असू द्या, कारण आता आपल्याला बायकोचाही नंबर पाठ नसतो. गुगल खात्याचे ‘बॅकअप कोड’ छापून ठेवा. फोनबरोबर सिमही गेलं तर कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं दुसरं सिम मिळतं, पण ओळखपत्र लागतं.

आता जप्ती झालीच, तर पंचनामा वाचून मगच सही करा. चष्मा घाला, वेळ घ्या. त्यात फोनची कंपनी, मॉडेल, आयएमईआय, सिम, मेमरी कार्ड, फोन चालू होता की बंद, काच फुटलेली होती की धड, आणि फोन तुमच्यासमोर सीलबंद केला की नाही, हे असायला हवं. आणखी एक शब्द लक्षात ठेवा, ‘हॅश व्हॅल्यू’. पूर्वी पाकिटावर लाखेचं सील मारायचे ना, तसं हे आकड्यांचं सील. फोनमधल्या माहितीची प्रत काढताना मशीन एक लांबलचक आकडा देतं. आत एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा बदलतो. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात हा आकडा लिहायची जागाच आहे.

हे का महत्त्वाचं? एल्गार परिषद प्रकरणात २०२१ मध्ये अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीने अहवाल दिला की एका आरोपीच्या लॅपटॉपमध्ये जप्तीच्या आधीच बाहेरून कुणीतरी फाइली घुसवल्या होत्या. तपासयंत्रणेने ते मान्य केलं नाही. खरं-खोटं कोर्ट ठरवेल. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की मशीनच्या आत काय कधी आलं यावर माणसांची वर्षं खर्ची पडतात. जप्तीनंतर काही बदललं नाही, एवढं तरी तो आकडा सांगतो.

फोन परत कसा मिळतो? मॅजिस्ट्रेटकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करायचा. कलमं ४९७ आणि ५०३. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात बजावलं आहे की जप्त वस्तू पोलीस ठाण्यात गरजेपेक्षा जास्त काळ पडून राहू नयेत. माहितीची प्रत काढून झाली असेल तर फोन बंधपत्रावर सोडा, असं मागता येतं. आपोआप कुणी फोन करून ‘घेऊन जा’ म्हणत नाही. अर्ज आपल्यालाच करावा लागतो.

ज्येष्ठांसाठी एक खास. साक्षीदार म्हणून जबाब द्यायला साठीपुढच्या पुरुषांना आणि कोणत्याही वयाच्या बाईला पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. कलम १७९. जबाब तुमच्या घरी घ्यावा लागतो. स्वखुशीने गेलात तर गोष्ट वेगळी.

आता खोट्या पोलिसांकडे येते, कारण सगळा नियम माहीत असला की खोटा पोलीस लगेच ओळखू येतो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस, मागे अशोकस्तंभ, ‘तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेरा बंद करायचा नाही.’ आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’ मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं. खरी झडती दारात येते, पंच घेऊन येते, तिचा कागद असतो आणि ती तुमच्याकडे पैसे मागत नाही. खोटी झडती फोनवर येते आणि ‘कुणालाही सांगू नका’ म्हणते. ‘कुणालाही सांगू नका’ हे शब्द ऐकले की फोन ठेवा आणि शेजारची बेल वाजवा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं परदेशात आहेत, वर्षाआड आपली फेरी होते. तिथल्या विमानतळावरचा नियम आपल्यापेक्षा निराळा आहे. अमेरिकेत देशाच्या आत अटक झालेल्याचा फोन तपासायला पोलिसांना वॉरंट लागतं, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रायली खटल्यात सांगितलं. पण सीमेवर, म्हणजे विमानतळावर उतरताना, अधिकारी वॉरंटशिवाय फोन पाहू शकतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात त्यांनी सुमारे ४७ हजार उपकरणं तपासली. चाळीस कोटींहून अधिक प्रवाशांत हे प्रमाण अगदी थोडं आहे, त्यामुळे घाबरू नका. पण तिथल्या नागरिकाने नकार दिला तर फोन अडकतो, व्हिसावाल्याने नकार दिला तर त्याला परत पाठवू शकतात. त्यांच्याच नियमाप्रमाणे त्यांनी फक्त फोनमध्ये असलेलं पाहायचं, क्लाउडमधलं नाही. म्हणून फोन एअरप्लेन मोडवर असावा आणि सोबत नेण्यासारखं तेवढंच त्यात असावं. शिकायला जाणाऱ्या मुलांना जून २०२५ पासून व्हिसासाठी सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. न्यूझीलंडमध्ये सीमेवर पासवर्ड नाकारला तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. निघण्याआधी त्या त्या देशाचा नियम वाचून घ्यावा.

हे झालं आपल्या खिशातल्या फोनचं. पण सोसायटीच्या खिशातही आपली माहिती आहे, आणि कमिटीपुढे मी आज मुद्दाम हे मांडते. गेटवरचं रजिस्टर, व्हिजिटरचं अ‍ॅप, सतरा कॅमेरे आणि ऑफिसातला डीव्हीआर. कुणाकडे कोण, किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं, हे सगळं तिथे आहे. पोलीस फुटेज मागायला येतात आणि आपला वॉचमन, बिचारा, घाबरून खुर्ची देतो आणि मॉनिटर समोर करतो. माझी सूचना अशी. फुटेज द्यायचंच, तपासाला मदत करायचीच. पण लेखी पत्र घ्यायचं, त्यात गुन्ह्याचा नंबर, तारीख आणि कोणत्या वेळेचं फुटेज हवं ते असावं. तेवढ्याच वेळेचं द्यायचं, एक प्रत आपल्याकडे ठेवायची, रजिस्टरमध्ये नोंद आणि घेणाऱ्याची सही. सगळा डीव्हीआर उचलून न्यायची वेळ आली तर पंचनामा. आणि कुणा सभासदाने शेजाऱ्याची सून रात्री किती वाजता आली हे बघायला फुटेज मागितलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवायचं.

दुसरी गोष्ट पंच होण्याची. पोलीस पंच शोधायला येतात तेव्हा आपण सगळे एकदम बाथरूममध्ये असतो. कोर्टाच्या फेऱ्या नकोत, हे मला कळतं. पण लेखी आदेशाने बोलावल्यावर विनाकारण नकार देणं हाही गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की तुम्ही नाही गेलात तर चौकीजवळच्या टपरीवरचा, दर केसमध्ये सही करणारा माणूस येतो. ज्याच्या घरी झडती चालली आहे त्याला त्या तासाभरात वकील मिळेलच असं नाही. शेजारी मिळू शकतो. तुम्ही तिथे उभे राहिलात, डोळे उघडे ठेवलेत, यादी वाचून मगच सही केलीत, तर तुम्ही पोलिसांचंही काम सोपं करता आणि शेजाऱ्याचंही रक्षण करता. तो दोषी असेल तर पुरावा पक्का होतो. नसेल तर त्याच्यावर काही लादलं जात नाही.

पंचवीस वर्षांत आपण एकमेकांच्या घरी गॅस सिलिंडर दिले, रात्री अ‍ॅम्ब्युलन्स बोलावल्या, मुलांच्या परीक्षांना पेनं दिली. पुढच्या पंचवीस वर्षांत या यादीत एक भर घालावी, अशी माझी विनंती आहे. कुणाच्या दारात गणवेश दिसला तर आपलं दार लावून घ्यायचं नाही. बाहेर यायचं, नमस्कार करायचा आणि नम्रपणे विचारायचं, ‘साहेब, पंच लागणार आहेत का? आणि कागद दाखवता का?’

कमिटीला एवढंच सुचवते की झडतीच्या वेळी विचारायच्या सात-आठ गोष्टी मी एका पानावर मराठीत लिहून देते. त्या पानाच्या झेरॉक्स काढून प्रत्येक घरात द्याव्यात आणि एक प्रत गेटवर वॉचमनच्या टेबलाखाली चिकटवावी. खर्च माझ्याकडून.